मुंबई–कोल्हापूर रेल्वे: सह्याद्री पुन्हा मुंबईपर्यंत आणि सात तासांत कोल्हापूर (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

करोनाच्या टाळेबंदीत थांबलेली सह्याद्री एक्स्प्रेस नोव्हेंबर २०२३ मध्ये परत आली, पण पुण्यापर्यंतच. तेव्हापासून कोल्हापूर, सांगली, मिरज, कराड आणि साताऱ्याकडची माणसं तेच ते प्रश्न विचारतात: ती पुढे मुंबईला का जात नाही, रेल्वेला एवढा वेळ का लागतो, आणि एसटी, ट्रॅव्हल्स, गाडी हाताशी असताना रेल्वेसाठी भांडायचं तरी कशाला? आमची भूमिका आधीच सांगून टाकतो. या मार्गावर रेल्वे रस्त्याला टक्कर देऊ शकते. त्यासाठी ताशी १६० किमीची गाडी लागत नाही. वेळ कुठे वाया जातो ते शोधायचं, तेवढ्या जागा दुरुस्त करायच्या आणि लोकांच्या सोयीच्या वेळेला गाडी सोडायची.

सह्याद्री एक्स्प्रेसचं नेमकं झालं काय?

मुंबई आणि कोल्हापूर यांच्यात वर्षानुवर्षं रोजच्या तीन गाड्या होत्या. रात्रीची महालक्ष्मी, दिवसाची कोयना आणि संध्याकाळी मुंबईहून निघून पहाटे कोल्हापुरात पोचणारी सह्याद्री. मार्च २०२० मध्ये देशभरातल्या प्रवासी गाड्या थांबल्या. पुढे महालक्ष्मी आणि कोयना परत आल्या, सह्याद्री आली नाही. साडेतीन वर्षांनी ती पुणे–कोल्हापूर विशेष गाडी म्हणून सुरू झाली. मुंबईपर्यंत न नेण्यामागे सीएसएमटीवरच्या फलाटांचं काम आणि तिथली जागेची टंचाई ही कारणं पुढे आली.

त्यातलं फलाटांचं कारण त्या वेळी खरं होतं. पण जून २०२४ च्या सुरुवातीला मोठा मेगाब्लॉक घेऊन सीएसएमटीचे १० आणि ११ क्रमांकाचे फलाट २४ डब्यांच्या गाड्यांसाठी लांब केले गेले. ते काम उरकल्यावर सह्याद्रीचा विचार नव्याने व्हायला हवा होता. सीएसएमटीवर जागा नसेल तर दादर, एलटीटी (कुर्ल्याचं लोकमान्य टिळक टर्मिनस) किंवा पनवेलपर्यंत तरी गाडी नेता येते. पनवेलला उतरून हार्बरची लोकल धरणारे नवी मुंबईकर काही थोडे नाहीत.

पुण्यात गाडी बदलली तर काय बिघडतं?

बिघडतं ते पुण्याच्या फलाटावर. कोल्हापूरहून रात्रभर बसून आलेला माणूस सकाळी पुण्यात उतरतो, तेव्हा मुंबईकडे जाणाऱ्या सकाळच्या गाड्या पासधारक आणि आरक्षणवाल्यांनी भरलेल्या असतात. सोबत आईवडील, सामान, टाटा हॉस्पिटलची फाईल. अशा वेळी जनरल डब्यात घुसायचं, की स्टेशनबाहेर येऊन दादरची गाडी शोधायची? ज्याला एकदा असं करावं लागतं, तो पुढच्या वेळी कोल्हापुरातूनच ट्रॅव्हल्सचं तिकीट काढतो. प्रवासी घटायला एवढं पुरतं. नंतर तीच घटलेली संख्या दाखवून मागणी नाही असं सांगितलं जातं.

वंदे भारत सुरू झाली आहे. मग आणखी काय हवं?

१६ सप्टेंबर २०२४ ला कोल्हापूर–पुणे वंदे भारत सुरू झाली, याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. आता तिचं वेळापत्रक बघा. सुरू झाली तेव्हा ती कोल्हापूरहून सोमवारी, गुरुवारी आणि शनिवारी सकाळी सव्वाआठला निघणार आणि दुपारी दीडला पुण्यात पोचणार असं ठरलं. पुण्याहून कोल्हापूरला मात्र बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी, दुपारी सव्वादोनला.

असं का? कारण हा एकच रेक, म्हणजे डब्यांचा एकच संच आहे आणि तो त्रिकोणात फिरतो. बुधवारी तो हुबळीहून पुण्याला येतो आणि दुपारी कोल्हापूरला जातो. गुरुवारी कोल्हापूरहून पुण्याला येतो आणि दुपारी हुबळीला परततो. एका रेकमधून दोन शहरांना सेवा मिळाली, पण दोन्हीकडच्या माणसांना एका दिवसात जाऊन-येऊन काम करता येत नाही. सोमवारी पुण्याला गेलेला कोल्हापूरकर वंदे भारतनेच परतायचं म्हणेल, तर बुधवार दुपारपर्यंत थांबेल. आणि दुपारी दीडला पुण्यात उतरून कोर्टाचं, विद्यापीठाचं किंवा दवाखान्याचं कोणतं काम होतं?

गाडी चांगली आहे, तिची वेळ चुकीची आहे.

मुळात रेल्वेला एवढा वेळ का लागतो? रस्त्याने तर आठ तासांत जातो.

पहिलं कारण अंतर. मुंबई ते कोल्हापूर रेल्वेने ५१८ किमी आहे: मुंबई–पुणे १९२ आणि पुणे–कोल्हापूर ३२६. रस्त्याने पुणे–कोल्हापूर साधारण २३५ किमी. म्हणजे पुण्याच्या पुढे रेल्वेला जवळजवळ ९० किमी जास्त कापावे लागतात.

हा फरक एकोणिसाव्या शतकातला आहे. सदर्न मराठा रेल्वेने १८८० च्या दशकात पुण्याहून दक्षिणेकडे मीटरगेज मार्ग टाकला, तेव्हा कात्रज आणि खंबाटकीचे घाट चढण्याऐवजी त्यांनी पूर्वेचा वळसा पत्करला. फुरसुंगी, आळंदी, शिंदवणे, आंबळे, जेजुरी, नीरा, लोणंद, आदर्की, वाठार आणि मग सातारा. कोल्हापूर तर मुख्य मार्गावर नव्हतंच, मिरजेहून फाटा काढून ते १८९१ मध्ये जोडलं गेलं. १९७१ मध्ये ब्रॉडगेज झालं, पण रेघ बहुतांशी तीच राहिली. साताऱ्याचं स्टेशन शहरापासून लांब माहुलीजवळ आणि कराडचं ओगलेवाडीला असण्याचं मूळही याच आखणीत आहे.

दुसरं कारण वेग. कोयना एक्स्प्रेस हे ५१८ किमी अकरा-बारा तासांच्या घरात कापते. म्हणजे सरासरी ताशी ४५ किमीच्या आसपास. मार्गावर डबे ताशी १०० किमीच्या वर पळताना दिसतात, मग ही सरासरी येते कुठून? याचं उत्तर पुढच्या तीन प्रश्नांत आहे.

दुहेरीकरण झालं, विद्युतीकरण झालं. मग वेळ का कमी झाला नाही?

पुणे–मिरज या २७९ किमी मार्गाचं दुहेरीकरण गेल्या दशकात टप्प्याटप्प्याने झालं आणि विजेच्या ताराही आल्या. एकेरी मार्गावर समोरून येणाऱ्या गाडीसाठी बाजूच्या रुळावर, म्हणजे लूप लाइनवर थांबून राहणं हा सगळ्यांच्या माहितीचा त्रास होता. क्रॉसिंग म्हटलं की वीस मिनिटं कधी जात ते कळत नसे. तो त्रास आता बराच कमी झाला आहे.

पण क्रॉसिंग संपलं म्हणून वेळापत्रक आपोआप आखडत नाही. जुन्या वेळापत्रकात क्रॉसिंगसाठी, कामासाठी, उशीर भरून काढण्यासाठी जी जादा मिनिटं टाकलेली असतात ती काढायला कोणीतरी बसावं लागतं. मोठ्या स्टेशनच्या आधीच्या टप्प्यात ही मिनिटं हमखास सापडतात. गाडी शेवटच्या वीस किमीला चाळीस मिनिटं घेते असं कागदावर दिसतं, आणि वेळेत असलेली गाडी स्टेशनबाहेर आउटर सिग्नलला उभी राहते.

वेगाचं एक साधं गणित सगळ्यांनी ध्यानात ठेवावं असं आहे. १०० किमी मार्गावर वेग ११० वरून १३० केला, तर साडेआठ मिनिटं वाचतात. त्यासाठी रूळ, सिग्नल, कुंपण, फाटकं असं सगळं सुधारावं लागतं. उलट, फक्त १० किमीच्या टप्प्यावर गाडी ३० च्या वेगाने रांगत असेल आणि तिथे ती ६० ने जाऊ लागली, तर १० मिनिटं वाचतात. म्हणून "या मार्गावर १३० ची परवानगी मिळाली" ही बातमी वाचून आम्ही हुरळून जात नाही. सर्वात सावकाश जाणारा तुकडा कुठला आणि त्याचं काय केलं, एवढंच आम्ही विचारतो.

आता हेच गणित या मार्गाला लावा. वंदे भारतच्या वेळापत्रकात कोल्हापूर ते सातारा हे सुमारे १८० किमी अंतर अडीच तासांत कापलं जातं. सरासरी ७० च्या वर. साताऱ्यापासून पुण्यापर्यंत उरतात सुमारे १४५ किमी, आणि त्याला अडीच तासांहून जास्त वेळ ठेवला आहे. सरासरी ५५ च्याही खाली! तोच रेक, तेच इंजिनीअर, तोच विभाग. फरक आहे तो आदर्की आणि शिंदवण्याच्या घाटांतल्या वळणांचा, तिथल्या वेगमर्यादांचा आणि पुण्याजवळ घोरपडीला दौंडकडची लाइन जिथे मिळते तिथल्या गर्दीचा. फलाट मोकळा नाही, पुढे लोकल आहे, मागे मालगाडी आहे, अशी सगळी भांडणं त्या शेवटच्या तुकड्यात होतात.

मुंबई–कोल्हापूर मार्गाची खरी लढाई सातारा ते पुणे या टप्प्यात आहे. हे आम्ही मुद्दाम ठासून सांगतो, कारण सगळी चर्चा कोल्हापूरच्या फलाटावर किंवा सीएसएमटीच्या फलाटावर अडकते.

मिरजेत गाडी उलटी का होते?

पुण्याकडून येणारी लाइन आणि कोल्हापूरचा फाटा हे दोन्ही मिरज स्टेशनच्या एकाच बाजूने आत येतात. पुण्याहून बेळगावला जाणारी गाडी सरळ निघून जाते, पण कोल्हापूरच्या गाडीला आलेल्या दिशेनेच परत बाहेर पडावं लागतं.

इंजिनाची गाडी असेल तर काय होतं ते मिरजेच्या फलाटावर उभं राहून बघण्यासारखं आहे. गाडी थांबते. पॉइंट्समन रुळावर उतरतो, इंजिन आणि पहिला डबा यांच्यामधल्या ब्रेकच्या नळ्या सोडवतो, कपलिंग काढतो. इंजिन एकटं पुढे निघून शेजारच्या रुळावरून मागे येतं, गाडीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन हळूच टेकतं. पुन्हा कपलिंग, पुन्हा नळ्या, मग ब्रेकमधला हवेचा दाब पूर्ण होईपर्यंत थांबायचं आणि चाचणी घ्यायची. तोवर गाडीचा मॅनेजर, म्हणजे पूर्वीचा गार्ड, आपली पेटी घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलेला असतो. डब्यात झोपलेल्याला फक्त मागेपुढे एक हिसका जाणवतो. या सगळ्यात पंधरा-वीस मिनिटं जातात, आणि मिरज ते कोल्हापूर अंतर आहे अवघं ४८ किमी.

यावर उपाय दोन. मिरज स्टेशन टाळून थेट कोल्हापूरकडे वळणारी कॉर्ड लाइन हा एक. ही मागणी जुनी आहे. पण मिरज हे मोठं जंक्शन आहे, दवाखान्यांचं गाव आहे, आणि सगळ्याच गाड्या मिरजेला वगळून गेल्या तर ते मिरजकरांवर अन्यायाचं होईल. कॉर्ड लाइन मालगाड्यांना आणि रात्रीच्या एखाद्या गाडीला वापरावी. दिवसाच्या वेगवान गाडीला दुसरा उपाय बरा: दोन्ही टोकांना चालकाची केबिन असलेला रेक. वंदे भारत किंवा मेमूला (कमी पल्ल्याची, लोकलसारखी विजेची गाडी) इंजिन फिरवावं लागत नाही. चालक एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जातो, गाडी निघते. थांब्याची पाच मिनिटं त्याला पुरतात.

मिरज–कोल्हापूर टप्पा एकेरी आहे, तो दुहेरी झालाच पाहिजे. पुणे–मिरज दुहेरी करून शेवटचे ४८ किमी एकेरी ठेवले तर साताऱ्यात वेळेवर असलेली गाडी हातकणंगल्याला क्रॉसिंगसाठी थांबणार.

आणि भोर घाट? तिथे तर काही करता येत नाही ना?

करता येतं, आणि ते करूनही दाखवलेलं आहे. कर्जत ते लोणावळा हा २८ किमीचा चढ ३७ ला १ असा आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. इंजिनाच्या गाडीला कर्जतला मागून जादा इंजिनं, ज्यांना बँकर म्हणतात, ती लावावी लागतात. त्यासाठी थांबा, जोडणी, चाचणी, आणि वर गेल्यावर ती सोडवायची.

२०१९ मध्ये मुंबई–पुणे इंटरसिटीला दोन्ही टोकांना इंजिनं लावून पुश-पुल पद्धतीने चालवून बघितलं. बँकरचा थांबा गेला आणि प्रवास सुमारे २ तास ३५ मिनिटांवर येतो असं दिसलं. दख्खनची राणी आजही तीन तासांच्या वर घेते. पहिल्यांदा १ जून १९३० ला धावलेल्या या गाडीचा थाट वेगळाच आणि तिच्यावर आमचं प्रेमही आहे, पण वेळ तर वेळच. वंदे भारतच्या रेकमध्ये मोटरी अनेक डब्यांखाली विखुरलेल्या असतात, त्यामुळे ती बँकरशिवाय घाट चढते. मुंबई–सोलापूर वंदे भारत १० फेब्रुवारी २०२३ पासून हे काम करते आहे.

घाटाइतकाच वेळ कल्याण–कर्जत टप्प्यात जातो, कारण तिथे लोकल आणि लांब पल्ल्याच्या गाड्या त्याच दोन रुळांवर असतात. पनवेल–कर्जत लोकलच्या मार्गाचं काम झालं की एक पर्यायी वाट मोकळी होईल. लोणावळा–पुणे तिसरी-चौथी मार्गिका ही त्यापुढची गरज.

सात तास हा आकडा कुठून काढला?

मुंबई–पुणे २ तास ३५ मिनिटं. हे करून दाखवलेलं आहे. पुण्यात पाच मिनिटं थांबा. पुणे–कोल्हापूर ४ तास २० मिनिटं. बेरीज सात तास.

४ तास २० मिनिटं कशी? आजची वंदे भारत सव्वापाच तास घेते. सातारा–पुणे टप्पा ताशी ७५ च्या सरासरीवर आणला तर तो दोन तासांच्या आत येतो आणि पाऊण तास वाचतो. मिरज–कोल्हापूर दुहेरी होऊन तिथे दहा मिनिटं वाचली की हिशोब जुळतो. हा आमचा अंदाज आहे, रेल्वेचं आश्वासन नव्हे. पण त्यात कुठेही १३० च्या वरचा वेग गृहीत धरलेला नाही. मुंबई–अहमदाबाद हे जवळपास एवढंच, ४९१ किमीचं अंतर, वंदे भारत साडेपाच तासांच्या आसपास कापते. तिकडे सपाट गुजरात आहे, इकडे तीन घाट आहेत. म्हणून आम्ही साडेपाच मागत नाही, सात मागतो.

गाडी कोणत्या वेळेला सोडावी?

आमची मागणी अशी: कोल्हापूर पहाटे ५, पुणे सकाळी सव्वानऊ-साडेनऊ, मुंबई दुपारी १२. परत मुंबई दुपारी ३, पुणे पावणेसहाच्या आसपास, कोल्हापूर रात्री १०. रोज. एकच रेक दिवसात जाऊन येतो, मुंबईत साफसफाईला तीन तास मिळतात आणि रात्री कोल्हापुरात देखभालीला सात तास.

यात पुण्याला जाणाऱ्या कोल्हापूरकराला आणि सांगलीकराला दिवसाचे आठ तास मिळतात. मुंबईत मात्र तीनच. मुंबईच्या कामासाठी रात्रीची गाडीच लागणार, आणि म्हणून सह्याद्री.

रात्रीच्या गाडीला वेग कशाला हवा?

नकोच. रात्रीच्या गाडीला हवी ती निघायची वेळ आणि झोपायला जागा. महालक्ष्मी मुंबईहून साडेआठच्या आधीच निघते. अंधेरी, ठाणे, वाशीला कामाला असलेल्या माणसाला ती धरायची तर ऑफिसातून लवकर निघावं लागतं. ट्रॅव्हल्सवाल्यांच्या स्लीपर गाड्या रात्री दहा-अकरापर्यंत मिळतात, हेच त्यांचं बळ.

जुनी सह्याद्री संध्याकाळी निघून पहाटे कोल्हापुरात टाकायची. ती वेळ आता नको. ती मुंबईहून साडेदहाला सुटावी आणि सकाळी आठपर्यंत कोल्हापुरात यावी. परतीलाही तसंच, कोल्हापूर रात्री साडेनऊ, मुंबई सकाळी सात. साडेनऊ तास म्हणजे आजच्यापेक्षा दीड-दोन तास कमी, आणि रात्री रस्त्यावर डुलक्या घेणाऱ्या चालकाच्या हवाली स्वतःला करण्यापेक्षा कितीतरी सुखाचं. सुट्टीच्या दिवसांत महालक्ष्मीचं वेटिंग बघितलं तर दुसऱ्या गाडीची गरज कुणाला समजावून सांगावी लागू नये.

रेल्वेची स्पर्धा नेमकी कोणाशी?

सर्वात जास्त एसटीशी, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. पुणे–कोल्हापूर विनाथांबा गाड्या दिवसभर मिळतात. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मं तिकीट आहे. ७५ वर्षांवरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास, ६५ ते ७५ ना निम्मं. त्याच काळात रेल्वेने काय केलं? ज्येष्ठ नागरिकांची सवलत, पुरुषांना ४० टक्के आणि महिलांना ५० टक्के, मार्च २०२० मध्ये बंद केली आणि ती परत दिली नाही. एसटीने आपला प्रवासी जपला याबद्दल तिचं कौतुकच आहे. पण रेल्वेला स्पर्धा करायची असेल तर आजोबा-आजीचं तिकीट दोन्हीकडे ताडून बघणारी घरं आहेत, हे ध्यानात घ्यावं लागेल.

स्वतःच्या चारचाकीशी स्पर्धा अवघड. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला तेव्हापासून लोकांना त्या वेगाची सवय झाली आहे, आणि मिसिंग लिंक या घाट टाळणाऱ्या नव्या रस्त्याने घाटातलं अंतर सुमारे ६ किमीने कमी होतं. चौघांचं कुटुंब गाडीनेच जाणार. रेल्वेने एकट्या-दुकट्या प्रवाशाकडे बघावं. विद्यार्थी, पेशंट आणि सोबतचा एक माणूस, मुलाखतीला निघालेला उमेदवार, दर शुक्रवारी गावी जाणारा नोकरदार.

विमानाचं म्हणाल तर कोल्हापूरहून थोडी उड्डाणं आहेत. ती थोड्याच लोकांसाठी आहेत.

स्टेशन गावाबाहेर आहे, त्याचं काय?

साताऱ्यात आणि कराडमध्ये हा खरा अडथळा आहे. साताऱ्याहून पुण्याला रस्त्याने ११० किमीच्या आसपास, रेल्वेने १४५. त्यात माहुलीपर्यंत जायचं. खरं सांगायचं तर साताऱ्याहून पुण्याला जाणाऱ्याला रेल्वे फार काही देऊ शकत नाही, आणि तसं आश्वासन कुणी देऊही नये. सातारकराला फायदा आहे तो मुंबईच्या थेट गाडीचा.

कराडचं तसं नाही. तिथून पुणे आणि मुंबई दोन्हीकडे जाणारे पुष्कळ आहेत. ओगलेवाडीला गाडीच्या वेळेवर कराड बसस्थानकाची एसटी उभी राहिली तर अर्धं काम होतं. आज तिथे वडाप (शेअर जीप) आणि रिक्षा हाच आधार, आणि रात्री अकराला तोही नसतो. कोल्हापुरात ही अडचण नाही, स्टेशन आणि मध्यवर्ती बसस्थानक चालत जाण्याइतके जवळ आहेत. पुण्यातही स्टेशनला मेट्रो आली, आणि सप्टेंबर २०२४ पासून जिल्हा न्यायालय स्थानकावर गाडी बदलून भुयारी मार्गाने स्वारगेट गाठता येतं.

वेगासाठी आमचा थांबा काढणार का?

ही भीती रास्त आहे, कारण करोनानंतर ठिकठिकाणी छोट्या स्टेशनांचे थांबे गेले ते गेलेच. ताशी १०० च्या वेगातली गाडी थांबवून पुन्हा त्या वेगाला आणायला, दोन मिनिटांच्या थांब्यासकट, पाचेक मिनिटं जातात. वेगवान गाडीला सातारा, कराड, किर्लोस्करवाडी, सांगली, मिरज एवढेच थांबे असावेत.

पण त्याच्या बदल्यात लोणंद, वाठार, रहिमतपूर, मसूर, ताकारी, भिलवडी, जयसिंगपूर यांना पुणे–कोल्हापूर मेमू मिळाल्या पाहिजेत, सकाळी एक आणि संध्याकाळी एक तरी. मेमू लवकर वेग घेते, त्यामुळे ती मागच्या एक्स्प्रेसला अडवत नाही. पॅसेंजरचं किमान भाडं करोनात ३० रुपये केलं होतं, ते फेब्रुवारी २०२४ मध्ये पुन्हा १० वर आलं. भाडं पूर्ववत झालं तसे थांबेही व्हावेत. मेमू मिळायच्या आधी कोयनेचा एकही थांबा काढू नये, यावर आम्ही ठाम आहोत.

सरळ नवा मार्गच का टाकू नये?

टाकावा, पण त्याची वाट बघत बसू नये. महाराष्ट्रातल्या नव्या मार्गांना किती वर्षं लागतात हे पुणे–नाशिकने दाखवलं आहे. नारायणगावजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणींना अडथळा होतो म्हणून तो आराखडाच पुन्हा वळवावा लागला. आम्ही मागतो ती कामं आहे त्या रुळांवरची आहेत.

बंद पडलेली गाडी परत आणून यशस्वी केल्याची उदाहरणं आहेत का?

दोन सांगतो, दोन्ही आपल्या उपयोगाची.

अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स ते मोबील या किनाऱ्यावरच्या शहरांमधली प्रवासी गाडी २००५ च्या कतरिना वादळात बंद पडली. रूळ काही महिन्यांत दुरुस्त झाले, गाडी मात्र १८ ऑगस्ट २०२५ ला परत आली. मधली वीस वर्षं बरीचशी मालगाड्यांच्या कंपन्यांशी वाद घालण्यात गेली. परत आणताना त्यांनी एक शहाणपण केलं: रोज दोन्ही बाजूंनी दोन फेऱ्या ठेवल्या. आधीची गाडी आठवड्यातून तीनदा असायची. आपल्या वंदे भारतचं आज जे आहे, तेच.

दुसरं स्कॉटलंडचं. एडिंबराहून दक्षिणेला जाणारा मार्ग १९६९ मध्ये बंद केला आणि त्याचा काही भाग २०१५ मध्ये पुन्हा सुरू झाला. लोक आले. पण पैसे वाचवायला बराचसा मार्ग एकेरी ठेवला होता. एक गाडी चुकली की पुढच्या सगळ्या चुकतात, ही तिथली कायमची डोकेदुखी होऊन बसली. मिरज–कोल्हापूर दुहेरीकरण लांबणीवर टाकणाऱ्यांनी हे बघावं.

निर्णय कोण घेतं? आम्ही काय करावं?

गाडी कुठपर्यंत न्यायची हे रेल्वे बोर्ड ठरवतं, मध्य रेल्वे प्रस्ताव पाठवते, रोजचं संचालन पुणे विभाग बघतो. खासदारांच्या पत्राला वजन असतं, विभागीय सल्लागार समितीतल्या प्रवासी प्रतिनिधीलाही. पण पत्रात काय लिहितो यावर बरंच अवलंबून आहे. "सह्याद्री मुंबईपर्यंत सुरू करा" अशी निवेदनं ढिगाने गेली आहेत आणि त्यांना "तपासून बघू" असं ठरलेलं उत्तर येतं.

त्याऐवजी माहितीच्या अधिकारात सातारा–पुणे टप्प्यातल्या कायमस्वरूपी आणि तात्पुरत्या वेगमर्यादांची यादी मागा: कुठल्या किमीपासून कुठल्या किमीपर्यंत, किती वेग, कधीपासून, कोणत्या कारणाने. तात्पुरती म्हणून घातलेली मर्यादा वर्षानुवर्षं तशीच राहिलेली सापडली, तर तेवढ्या एकाच ओळीवर निवेदन द्या. दुसरं, रेल्वेच्या अंतर्गत कामकाजाच्या वेळापत्रकात पुणे आणि कोल्हापूरच्या आधीच्या टप्प्यात किती जादा मिनिटं ठेवली आहेत ते विचारा. तिसरं, सीएसएमटीवर २४ डब्यांचे फलाट झाल्यावर सह्याद्रीसाठी मार्ग उपलब्ध आहे का, याचं लेखी उत्तर मागा. नाही म्हणाले तर दादर, एलटीटी आणि पनवेलबद्दल वेगवेगळं विचारा, म्हणजे एका नकारात चारही प्रश्न मिटवता येणार नाहीत.

आणि प्रवास करताना तिकीट जिथे चढता तिथूनच काढा. सोयीचं पडतं म्हणून कोल्हापूरचं तिकीट काढून जयसिंगपूरला चढलात, तर जयसिंगपूरच्या हिशोबात तुमची नोंद होत नाही, आणि थांबा ठेवायचा की काढायचा हे ठरवताना तोच हिशोब टेबलावर असतो.